अस्त्र मागे घेणारा अर्जुन

निडीच्या फलाटावर पेणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना सीमेवरच्या बातम्यांचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "एकदाच टाका अणुबॉम्ब, कटकट मिटेल." बोलणारा माणूस वाईट नसतो. जवानांच्या शवपेट्या पाहून तो आतून कळवळलेला असतो. म्हणूनच त्याला हिणवून चालणार नाही, उत्तर द्यायला हवं.

त्याच्या हाताशी सगळ्यात भक्कम दाखला असतो हिरोशिमाचा. बॉम्ब पडला म्हणून जपान शरण आलं, नाहीतर स्वारीत दहा लाख अमेरिकन सैनिक मेले असते! हा आकडा जगभर पसरला तो माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या फेब्रुवारी १९४७मधल्या लेखामुळे, म्हणजे बॉम्ब टाकून दीड वर्ष झाल्यावर. शिवाय त्यांनी मेलेले आणि जखमी मिळून दहा लाख म्हटलं होतं. लोकांच्या तोंडी ते सगळेच मेले. ८ ऑगस्ट १९४५ला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, त्याचा शरणागतीत किती वाटा, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

पण माझा मुद्दा या आकड्यांवर उभा नाही. बॉम्बमुळेच युद्ध थांबलं असं धरून चालू. ते कुणाला मारून थांबलं? वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक साधी नागरिक होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायला शाळकरी पोरं कामाला लावली होती. ती हजारोंनी मेली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ९ ऑगस्टला रेडिओवर हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळात मात्र, आणखी एक लाख माणसं, ती सगळी पोरं मारायची ही कल्पना आपल्याला सोसवत नाही, असं ते बोलले. त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. बॉम्ब टाकण्याचा हुकूम ज्याच्या अखत्यारीतला, त्यालाच दोन बॉम्बनंतर तिसरा नको झाला होता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. पाकिस्तानने आधी टाकला तर? आपण पहिला वापर करणार नाही, हे भारताने जानेवारी २००३मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच धोरणात प्रचंड प्रत्याघाताचीही भाषा आहे. मुंबई जळाली म्हणून कराचीतली बाळंतीण गुन्हेगार कशी ठरते?

महाभारतातलं सौप्तिकपर्व आठवा. आदल्याच रात्री अश्वत्थाम्याने छावणीवर घाला घालून अर्जुनाचा पोटचा मुलगा मारला होता. सुडाला याहून मोठं कारण कुठलं हवं? अश्वत्थाम्याचं अस्त्र शमवायला त्याने आपलं अस्त्र सोडलं; पण लोकांच्या रक्षणासाठी नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले तेव्हा, समोरचं अस्त्र अजून पेटलेलं असताना, त्याने आपलं मागे घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमलं नाही. त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. आपण त्या दोघांतल्या कुणाला वीर म्हणतो?

निडीहून गाडी जाते त्या पेणच्या तालुक्यात, गागोद्याला, १८९५ साली विनोबा भावे जन्मले. अणुबॉम्बपेक्षा आपल्याला लहान शस्त्रांची धास्ती जास्त वाटते, असं ते म्हणत. महाशस्त्रांच्या भीतीने माणूस अहिंसेकडेच वळेल, हा त्यांचा विश्वास. इथे माझं त्यांच्याशी जुळत नाही. नुसत्या भीतीने माणूस वळत नाही, तो आणखी बॉम्ब बांधतो. विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली तर सर्वनाश, हे त्यांचं म्हणणं मात्र मला शब्दशः पटतं.

शत्रूशी करार पाळता येत नाही, असंही ऐकवतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ला केला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलमध्ये रक्त सांडलं त्या वर्षानंतरही ती दिली गेली. भट्ट्या वाचवायला हे जमतं, तर माणसांसाठी का जमू नये? त्या यादीला आणखी एक यादी जोडावी, शहरांची. मुंबई, लाहोर, कराची, अमृतसर, आणि रुळाकडेची निडीएवढी गावंसुद्धा. पहिला कागद आपण पुढे करावा.