जुने मॉनिटर आणि नवी खरेदी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि देशातील असंख्य शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांच्यापुढे नव्या संगणकांच्या खरेदीचा प्रश्न एकदमच उभा राहिला. 'विंडोज ११' साठी कंपनीने प्रोसेसरची पिढी आणि सुरक्षेची विशिष्ट यंत्रणा यांच्या अटी घातल्यामुळे एरवी सुरळीत चालणारे संगणकही त्या अटींत बसेनासे झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणसंस्थाही याला अपवाद नाहीत. परंतु खरेदीचा प्रस्ताव तयार होताना त्यात सीपीयूबरोबर मॉनिटरही सहजपणे जाऊन बसतो. जुना मॉनिटर बिघडलेला नसतो. चित्र स्पष्ट दिसत असते. तो बदलण्याचे कारण एवढेच सांगितले जाते की, नव्या संगणकाला तो 'बसत नाही'. ज्या संस्थांची प्रत्येक पै विद्यार्थ्यांच्या शुल्कातून किंवा सरकारी अनुदानातून येते, त्यांनी या दोन शब्दांची नीट छाननी करणे अगत्याचे आहे.

जुन्या मॉनिटरच्या मागे तीन ओळींत पंधरा भोके असलेली जी निळी खोबण दिसते, तिला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने ती १९८७ साली बाजारात आणली. या तारेतून लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे संदेश विजेच्या चढउताराच्या रूपात, म्हणजे अ‍ॅनालॉग पद्धतीने वाहतात. पुढे १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस सोनी, फिलिप्स, तोशिबा आदी कंपन्यांनी मिळून ठरविलेली एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट अशा नव्या जोडण्या आल्या. त्यांतील चित्र आकड्यांच्या भाषेत, म्हणजे डिजिटल पद्धतीने जाते. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग व एलजी या कंपन्यांनी व्हीजीएला निरोप देण्याचा इरादा जाहीर केला आणि त्यासाठी २०१५ हे वर्ष मुक्रर केले. नव्या संगणकाच्या पाठीवर ही निळी खोबण सहसा सापडत नाही, त्याचे मूळ या निर्णयात आहे. तात्पर्य, बदलली आहे ती संगणकाची खोबण. मॉनिटरच्या काचेत, दिव्यात किंवा रंगांत त्यामुळे काही उणे आलेले नाही.

दोन खोबणींमधील हे अंतर भरून काढणारे साधन बाजारात काही शे रुपयांना मिळते. दुकानात त्याला कन्व्हर्टर किंवा अ‍ॅडॉप्टर म्हणतात. मात्र ते घेताना थोडी माहिती हवी. ती नसल्यामुळेच पुष्कळदा 'आम्ही प्रयत्न केला, चालले नाही' असा शेरा कागदावर येतो. एचडीएमआयमधून व्हीजीएकडे जाताना डिजिटल संदेशाचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करावे लागते. त्यासाठी आत लहानशी चिप असते. चिप नसलेली, दोन टोकांना दोन निराळे प्लग लावलेली नुसती केबल हे काम करू शकत नाही. हे रूपांतर एकाच दिशेने होते. संगणकाकडून एचडीएमआय आणि मॉनिटरकडे व्हीजीए अशी जोडणी हवी असेल, तर त्याच दिशेचा कन्व्हर्टर मागावा लागतो; उलट दिशेचा आणल्यास पडदा काळाच राहतो. चिपला लागणारी वीज संगणकाच्या खोबणीतूनच मिळते, पण ती अपुरी पडल्यास चित्र लुकलुकते. अशा वेळी वेगळी वीजजोडणी असलेला कन्व्हर्टर घ्यावा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याची सोय निराळी करावी लागते. जुन्या मॉनिटरचा मागे डीव्हीआय खोबण असेल तर काम आणखी सोपे होते, कारण एचडीएमआय व डीव्हीआय यांची चित्राची भाषा एकच असल्याने तेथे साधी तारही पुरते. टाइप-सी खोबणीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. सर्वच टाइप-सी खोबणींतून चित्र बाहेर पडत नाही. काही केवळ चार्जिंगसाठी व माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. संगणकाच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख असतो, तो खरेदीपूर्वी वाचावयास हवा.

आता हिशेब पाहू. समजा, एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक बदलावयाचे आहेत. कन्व्हर्टर चारशे रुपयांना आणि नवा मॉनिटर सहा हजारांना मिळतो असे धरले, तर पहिल्या मार्गाने सोळा हजार रुपये लागतात आणि दुसऱ्याने दोन लाख चाळीस हजार. फरक दोन लाख चोवीस हजारांचा. तीस हजारांचा एक संगणक धरल्यास या फरकात आणखी सात संगणक येतात. अर्थशास्त्रात ज्याला संधित्यागाचा खर्च म्हणतात, तो येथे इतका स्पष्ट आहे. नव्या मॉनिटरची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. एका संगणकापुढे दोघे-तिघे दाटीने बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणारे विद्यार्थी ती मोजत असतात.

कोणी म्हणेल, जुन्या वस्तूंचा हा हव्यास प्रगतीच्या आड येतो. या आक्षेपात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. काचेच्या मोठ्या नळीचे जे जुने मॉनिटर अजूनही कोठे कोपऱ्यात असतील, त्यांना कन्व्हर्टर लावून जिवंत ठेवण्यात शहाणपण नाही. असा मॉनिटर साधारणतः सत्तर-ऐंशी वॅट वीज घेतो, सपाट मॉनिटर वीस-पंचवीस वॅटवर चालतो. रोज सहा तास व वर्षाकाठी दोनशे दिवस वापर धरला, तर एका मॉनिटरमागे सुमारे साठ युनिट वीज वाया जाते. शिवाय त्याचे चित्र डोळ्यांना त्रास देते आणि काचेत शिसे असते. त्याची जागा अधिकृत पुनर्चक्रण केंद्रातच. तसेच ज्या विद्यार्थ्यांना स्थापत्याचे आराखडे किंवा चित्रांचे बारकावे पाहावयाचे आहेत, त्यांना मोठा व सूक्ष्म चित्राचा पडदा दिलाच पाहिजे. पण टंकलेखन, हिशेब, प्रवेशअर्ज, प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे ही कामे जुन्या सपाट मॉनिटरवर कोणत्याही अडचणीविना होतात. आणि शाळा-महाविद्यालयांतील बहुतांश काम याच प्रकारचे आहे.

मग हिशेब इतका सरळ असताना मॉनिटर भंगारात का जातो? त्याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून आपल्या हिशेबाच्या रीतीत आहे. संस्थांना मिळणारे अनुदान बहुधा 'खरेदी' या शीर्षाखाली येते. 'देखभाल' या शीर्षाखाली येणारी रक्कम तुटपुंजी असते. नवा मॉनिटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये क्रमांकासह नोंदविता येतो आणि तपासणीच्या वेळी बोट ठेवून दाखविता येतो. चारशे रुपयांचा कन्व्हर्टर कोणत्या शीर्षाखाली घालावयाचा, तो हरवला तर जबाबदारी कोणाची, असे प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे देण्यापेक्षा नवी खरेदी सोपी वाटते. त्यातच मार्चअखेर रक्कम खर्ची पडली नाही तर ती परत जाण्याची धास्ती. अशा स्थितीत लिपिकाला किंवा विभागप्रमुखाला दोष देण्यात अर्थ नाही. काटकसर करणाऱ्याच्या पदरी खुलासे आणि उधळपट्टी करणाऱ्याच्या पदरी पूर्ण झालेली फाइल, अशी व्यवस्था असेल तर माणसे त्या व्यवस्थेप्रमाणेच वागणार.

खोबणी न जुळण्याचा भुर्दंड कोल्हापूरला नवा नाही. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली ती मीटरगेजवर. मिरजेहून पुण्यापर्यंतचा मार्गही मीटरगेजच होता आणि पुण्यापासून मुंबईपर्यंत ब्रॉडगेज. त्यामुळे कोल्हापुरी गुळाचे रवे रेल्वेने मुंबईस पाठवावयाचे, तर वाटेत एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढविणे क्रमप्राप्त होते. त्या चढउतारात वेळ जाई, हमाली पडे, मालाची नासधूस होई. आणि रूळांची रुंदी ठरविणाऱ्यांनी नव्हे, तर माल पाठविणाऱ्याने आणि अखेर गिऱ्हाइकाने तो खर्च सोसला. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. तरीही मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ पुढे कित्येक वर्षे नांदत होते. ही हकीकत दोन गोष्टी शिकविते. माप एक होईपर्यंत माल फेकून देत नसतात, तो एका डब्यातून दुसऱ्यात घालतात; आणि ही हमाली कायमची नको असेल, तर माप एक करण्याचा निर्णय व्यापाऱ्याला घेता येत नाही, तो शासनाने घ्यावा लागतो. कन्व्हर्टर ही आजची हमाली आहे. ती स्वस्त आहे म्हणून आज पत्करावी, पण तिलाच धोरण समजू नये.

एकच माप ठरविणे अशक्य नाही, हे युरोपने दाखवून दिले आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून मोबाइल, टॅब्लेट आदी उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून चार्जिंगसाठी टाइप-सी खोबण सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख घालून दिली. भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे. मात्र ही सारी व्यवस्था मुख्यतः चार्जिंगपुरती आहे. चित्राच्या जोडणीबाबत ग्राहकाची बाजू कोणी घेतलेली नाही. उत्पादकाच्या दृष्टीने जुनी खोबण काढून टाकणे म्हणजे थोडी जागा व थोडा खर्च वाचविणे. परंतु ज्यांच्याकडे आधीपासून मॉनिटर आहेत अशा लक्षावधी ग्राहकांवर त्याचा जो बोजा पडतो, तो उत्पादकाच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. बाजाराच्या व्यवहारात ज्याचा खर्च दुसऱ्याने सोसावयाचा, ती गोष्ट गरजेपेक्षा अधिक वेळा घडते, हा अर्थशास्त्राचा जुनाच सिद्धांत आहे.

या खर्चाचा उरलेला हिस्सा कचऱ्याच्या रूपाने समाजाकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सहा कोटी वीस लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आले. त्यांत कचरा फोडून धातू काढणाऱ्यांबरोबरच जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी करण्याची तरतूद आहे. म्हणजे वस्तूचे आयुष्य वाढविणे हे कायद्यालाही अभिप्रेत आहे. असे असता जी वस्तू मुळात बिघडलेलीच नाही, ती भंगाराच्या गाडीत चढविणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरते.

यावर उपाय अवघड नाहीत. नव्या संगणकाच्या निविदेतच 'संस्थेकडील विद्यमान मॉनिटरना जोडण्याचे साधन पुरवठादाराने संगणकासोबत द्यावे' अशी एक ओळ घातली, तर कन्व्हर्टरचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालावा हा प्रश्नच मिटतो. मॉनिटरचे निर्लेखन करण्यापूर्वी तो चालू स्थितीतील संगणकाला जोडून पाहिल्याचा दाखला आवश्यक करावा. 'खोबण जुळत नाही' हे निर्लेखनाचे कारण म्हणून मान्य करू नये. हे तपासणीचे काम आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. त्यातूनही जे मॉनिटर शिल्लक राहतील, ते गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड यांसारख्या तालुक्यांतील शाळांकडे रीतसर हस्तांतरित करण्याची सोपी कार्यपद्धती शिक्षण विभागाने आखून द्यावी. शहरातील महाविद्यालयाला नकोसा झालेला पडदा तेथील मुलांच्या उपयोगी पडू शकतो.

कोल्हापूरला तर अशा कामाची परंपराच आहे. बाबुराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा याच शहरात घडविला. उद्यमनगरातील कारागिरांनी परगावहून आलेली यंत्रे उघडली, समजून घेतली आणि न मिळणारा भाग स्वतः ओतून पुन्हा चालू केली. एका यंत्राचा भाग दुसऱ्याला कसा बसवावा, हे ज्ञान येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्या शहरातील शिक्षणसंस्थांनी एक प्लग बसत नाही म्हणून चालता मॉनिटर काढून टाकावा, हे त्या परंपरेस शोभणारे नाही.

खरेदी हेच प्रगतीचे माप समजण्याची सवय आपल्या संस्थांना जडली आहे. नवी यंत्रे आली, उद्घाटन झाले, छायाचित्र निघाले की काम झाले असे वाटते. वस्तुतः किती विद्यार्थ्यांना किती तास संगणकावर बसावयास मिळाले, हेच खरे माप मानले पाहिजे. त्या मापाने पाहिल्यास चारशे रुपयांचा कन्व्हर्टर सहा हजारांच्या मॉनिटरपेक्षा पुष्कळदा श्रेष्ठ ठरेल. पुढील खरेदीसमितीच्या बैठकीत मॉनिटरची मागणी वाचली जाईल, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने तरी 'जुना जोडून पाहिला का?' एवढे विचारावे. त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज मागणीवर सही होऊ नये.