अकरावीत हरवलेला प्रयोग

दहावीला बरे गुण मिळाले की नागपुरात प्रश्न शाखेचा उरतच नाही. ‘नीट’ की ‘जेईई’, एवढेच ठरायचे असते. मुलाला विज्ञान आवडते का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईस आर्चर यांच्या चमूने दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. बहुतेकांना विज्ञान रंजक वाटत होते. शास्त्रज्ञ व्हावे असे वाटणारे मात्र जेमतेम १५ टक्के होते. आवड कमी नव्हती. घरात, नात्यात विज्ञानाशी जोडलेली माणसे नसली, तर ‘हे आपल्यासाठी नाही’ अशी मुलांची समजूत होते.

नागपूर महापालिकेच्या शाळांतील बहुसंख्य मुलांच्या घरी अशी माणसे नाहीत. तरीही ‘अपूर्व विज्ञान मेळ्या’त हीच मुले साध्यासुध्या वस्तूंतून प्रयोग मांडतात आणि येणाऱ्या मोठ्यांना ते समजावून सांगतात. ज्याने प्रयोग स्वतःच्या हाताने करून दाखवला, त्याला विज्ञान परके वाटत नाही.

हे सारे विरते ते अकरावीत. मराठी माध्यमात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ समजून घेतलेल्या मुलीपुढे अचानक ‘रिफ्रॅक्शन’ येते. धडा ओळखीचा, भाषा अनोळखी! हुशार मुलेही इथे गप्प होतात आणि शिक्षक समजतात, यांना झेपत नाही. दुसरीकडे, शिकवणीचे शुल्क भरू शकणाऱ्यांचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस शिकवणी वर्गात, ही सोय सर्वांना ठाऊक आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना प्रत्येकी ३० गुण आहेत. प्रयोगशाळेची पायरी न चढताही ते मिळत असतील, तर परीक्षानळीला हात कोण लावणार? म्हणजे एकाला विज्ञानाची ओढ आहे पण भाषा अडते, दुसऱ्याला सारे मिळते पण प्रयोग नाही.

उपाय खर्चिक नाहीत. अकरावीच्या पहिल्या सत्रात दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी ठेवून शिकवावे. प्रात्यक्षिकांची हजेरी शिक्षण उपसंचालक कार्यालयाने अचानक भेट देऊन तपासावी, आणि तीही परीक्षेच्या तोंडावर नव्हे, ऑगस्टमध्येच.