रुळावर आलेली करवत

‘फेन्स म्हणजे काय रे? कुंपण?’ बायकोने विचारलं, तेव्हा मी खो खो हसलो होतो. पण शब्द तिने अगदी बरोबर पकडला होता. माझ्यात आणि गरगरणाऱ्या पात्यात एवढं एकच कुंपण होतं, आणि ते वाकडं होतं!

त्याचं काय झालं, बारा वर्षं आयटीत कीबोर्ड बडवल्यावर हाताने काहीतरी खरंखुरं बनवायची खाज सुटते. तशी मलाही सुटली. बंद होणाऱ्या एका फर्निचर वर्कशॉपमधून सेकंडहँड टेबल सॉ घेतली आणि प्राधिकरणातल्या बाबांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. टेम्पोत चढवताना हमालांनी ती पुढच्या दांड्याला धरून उचलली. ‘इथे धरा, एकदम मजबूत आहे,’ असं सांगणारा शहाणा मीच.

तोच दांडा म्हणजे रेल. टेबलाच्या मधोमध गोल पातं, शेजारी लांब सरळ फेन्स. आपले मिस्त्री तिला ‘गाइड’ म्हणतात. लाकूड तिला टेकवून पुढे ढकलायचं. ही फेन्स रेलवर डावी-उजवीकडे सरकते. ड्रॉइंग बोर्डावरचा टी-स्क्वेअर आठवतोय? सेम फंडा. अमेरिकेतल्या बिल बीसमायर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टी-स्क्वेअर पद्धतीची फेन्स आणली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. बोर्डाची कड वाकडी असेल तर रेघ वाकडी. रेल वाकडी असेल तर... तेच सांगतोय.

पहिल्याच रविवारी प्लायची पट्टी कापताना ती मागच्या बाजूला पातं आणि फेन्स यांच्यात चिमटली. पात्याचे मागचे दात वर येत असतात. त्यांनी पट्टी उचलली आणि माझ्या दिशेने फेकली. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग भरतो ताशी १९० किलोमीटर. पट्टी माझ्या कमरेजवळून गेली आणि मागच्या पत्र्याला पोचा पडला. मी एका बाजूला उभा होतो, हे निव्वळ नशीब.

बाबा दारातच होते. त्यांनी आधी प्लग काढला. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आयुष्यभर पिंपरीतल्या एका टूलरूममध्ये काम केलेला माणूस. आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला डायल गेज घेऊन आले. रेल मधोमध अर्धा मिलिमीटर दबली होती.

‘अर्धा एमएमने काय होतंय बाबा?’

‘गणित कर की. फेन्सचं डोकं रेलवर तीनशे एमएम टेकतं, आणि फेन्स सहाशे एमएम लांब. इथला अर्धा तिकडे एक होतो. तोही पात्याकडे.’

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, नवीन मशीन घ्या. मी लॅपटॉप उघडणार, तेवढ्यात बाबा चप्पल घालून तयार! ‘बॉक्स पाइप आणि अँगल. त्यात काय मागवायचंय?’

स्टीलच्या दुकानात आम्ही तब्बल तासभर होतो. अँगल ५० बाय ५०, सहा एमएम जाड. बॉक्स पाइप ५० बाय ५०, तीन एमएमचा. दोन्ही दीड मीटर. सगळा मिळून जेमतेम तेरा किलो माल, म्हणजे शनिवारच्या एका डिनरच्या बिलात काम. पण बाबा एकेक पाइप डोळ्यासमोर धरून बघत होते. मग दोन पाइप एकमेकांना चिकटवले. मधून उजेड दिसतोय का? एक उलटा फिरवून पुन्हा लावला. दोन्ही वेळा उजेड नाही, तो पाइप आपला.

फॅब्रिकेटर म्हणाला, ‘काका, दोन टाके मारून देतो, पाच मिनिटांत जोडतो.’ बाबांनी साफ नकार दिला. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, मग तासभर निवडलेला सरळपणा गेला पाण्यात. म्हणून नट-बोल्टच. अँगल टेबलाच्या पुढच्या कडेला, त्याच्या आडव्या पायावर पाइप, आणि बोल्ट खालून. फेन्स घासत जाते त्या बाजूला काहीही वर यायला नको. भोकं बोल्टपेक्षा दोन एमएम मोठी, म्हणजे सेटिंगला जागा राहते. जिथे अँगल खोलगट, तिथे पातळ पत्र्याची शिम.

यातला एक घोळ खास माझा. टेबलात माइटर गेज सरकायची एक खाच असते. मी जुनी रेल काढून ठेवली, मापं अंदाजे घेतली, आणि पाइप इतका वर आला की खाचेचं तोंडच बंद! अँगल फुकट, पुन्हा दुकान. जुनी रेलच क्लॅम्प करून तिच्यावरून भोकं उतरवली असती तर ही फेरी वाचली असती.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो प्लग काढूनच करायचा. आधी पातं त्या खाचेला समांतर. मग फेन्स खाचेला समांतर. मागच्या टोकाला कागदाएवढी सैल चालेल, पात्याकडे केसभरही नको. रेलला रंग द्यायचा नाही, नुसतं मेण घासायचं, नाहीतर पुण्याचा पाऊस गंज चढवणारच. आणि पात्यामागचं रायव्हिंग नाइफ काढून ठेवायचं नाही. रेल कितीही सरळ असली तरी लाकूड आतून आवळतं, तेव्हा तेच वाचवतं.

सगळं झाल्यावर बाबांनी फेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. गेजचा काटा जागचा हलला नाही. त्यांनी गेज फडक्यात गुंडाळला, पण आत नेला नाही. शेडमधल्या माझ्या खणात ठेवला आणि म्हणाले, ‘लाव आता प्लग.’

पत्र्यावरचा पोचा मात्र मी मुद्दाम तसाच ठेवलाय. मशीन सुरू करण्याआधी तिकडे एक नजर टाकतो, आणि थोडा बाजूला सरकून उभा राहतो.