पेटंटच्या तराजूत ध्वज नको

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या दाव्यावरून शाओमीच्या भारतातील विक्रीला अंतरिम मनाई केली, तेव्हा ‘नकल करणारे चिनी पकडले गेले’ असा आनंद व्यक्त झाला. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच एरिक्सनला लाव्हा या भारतीय कंपनीकडून सुमारे २४४ कोटी रुपयांची नुकसानभरपाई देवविली आणि पेटंट ही एकाएकी परदेशी खंडणी ठरली. दावेदार तोच, कायदा तोच; बदलला तो केवळ प्रतिवादीचा देश. अशा मताला न्यायबुद्धी म्हणत नाहीत.

ही पेटंटे फोनच्या देखणेपणाची नव्हेत. आवाजाचे संकेतन, एज, थ्रीजी अशा मानकांच्या गाभ्यातील ती तंत्रे आहेत. कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही मनोऱ्याशी जोडला जातो तो या सामाईक मानकांमुळे, आणि मानक पाळायचे तर ही तंत्रे टाळता येत नाहीत. म्हणूनच ‘न्याय्य, वाजवी व भेदभावरहित’ अटींवर परवाना देण्याचे वचन पेटंटधारकाला द्यावे लागते. लाव्हाच्या खटल्यात न्यायालयाने आठपैकी एक पेटंट अवैध ठरवले आणि सातांचा भंग झाल्याचे मानले. दुसऱ्याच्या संशोधनाचा फुकट वापर हा स्वदेशीचा अर्थ असूच शकत नाही.

मात्र एरिक्सनची आकारणी निर्विवाद आहे, असेही नाही. रॉयल्टी कशावर मोजायची, चिपच्या किमतीवर की संपूर्ण फोनच्या? मायक्रोमॅक्सच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्येच यातील विसंगती दाखवली होती: सव्वा टक्का दराने तीच चिप शंभर रुपयांच्या फोनात असेल तर सव्वा रुपया, हजाराच्या फोनात असेल तर साडेबारा. कॅमेरा सुधारला निर्मात्याने, वाटा वाढला पेटंटधारकाचा! जोडणीमुळेच साऱ्या फोनला मोल येते, हा पेटंटधारकांचा युक्तिवाद. न्यायालयाने फोनची किंमतच आधारभूत धरली. त्यातच इतर कंपन्यांशी झालेले परवाना-करार गोपनीय राहतात. मग ‘भेदभावरहित’ या शब्दाची शहानिशा ग्राहकाने करायची तरी कशी?

लोकमताने संतापायचे असेल तर या बंद लखोट्यांवर संतापावे. आणि राष्ट्राभिमान मिरवायचाच असेल, तर जिथे मानके लिहिली जातात त्या सभागृहांत मिरवावा. ग्रामीण भारतातील विस्तीर्ण अंतरे डोळ्यांसमोर ठेवून आपल्या आयआयटींतील संशोधकांनी घडवलेल्या ‘फाइव्हजीआय’ला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मान्यता मिळाली, पुढे त्यातील तंत्र जागतिक फाइव्हजी मानकात सामावले गेले. त्या यशाची चर्चा किती झाली? उद्या एखाद्या भारतीय प्रयोगशाळेने परदेशी कंपनीकडे आपल्या शोधाचे मोल मागितले, तर तिलाही खंडणीखोर म्हणणार काय? तेव्हा जो न्याय मागायचा, तोच आज मान्य करावा लागेल.