आईची सुई, बाळाचं कवच

परवा रेडीला डोहाळजेवणाला गेले होते. टीडीच्या इंजेक्शनाचा विषय निघताच आजी म्हणाल्या, "आमच्या वेळार खंय होती इंजेक्शना?" खरंय! पण तेव्हा नाळेतून धनुर्वात होऊन बाळं दगावायची, तेही आठवा.

२०१५ मध्ये भारतात नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात १००० जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. जंतू मातीत आहेतच. बाळाची स्वतःची धनुर्वाताची लस दीड महिन्यानं. तोवर आईनं दिलेलंच कवच. आईला एचआयव्ही असेल तर ते वारेतून कमी पोचतं. म्हणून लसीबरोबर एचआयव्हीची तपासणीही हवी. वेळेत कळलं, तर औषधांनी बाळाला संसर्गापासूनही वाचवता येतं. पण तपासणीचं नाव काढलं, की सुना सासूकडे बघतात. तेव्हा आजी, सुनेसोबत आरोग्य केंद्रात तुम्हीच जा ना!