साखरेवाचून गोडी

सोलापुरातील सात रस्ता हा नावाप्रमाणेच सात वाटांचा संगम होय. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकतो, डांबरी रस्त्यावरून उष्ण वाफा उठू लागतात आणि चौक ओलांडणाऱ्या वाटसरूचा घसा कोरडा पडतो. अशा वेळी शहरातील कोणत्याही वाटेवर तहानेला दोन निमंत्रणे येतात. एक रसवंतीचे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा नाद दुरूनच कानी पडतो आणि आले-लिंबू घातलेल्या उसाच्या रसाचा वास त्यापाठोपाठ येतो. दुसरे निमंत्रण मुके असते. दुकानातील काचेच्या शीतपेटीत रंगीत बाटल्या ओळीने उभ्या असतात. अलीकडे त्यांतील काही बाटल्यांवर ‘शून्य साखर’ असे शब्द ठळकपणे झळकू लागले आहेत. पेय तर गोड, आणि साखर मात्र शून्य! मुलांना हे कोडे मोठे मौजेचे वाटते. घरातील वडीलधाऱ्यांनाही वाटते की, साखर नाही म्हणजे अपायही नाही. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

साखरेवाचून गोडी येते कोठून? जिभेवर ज्या बारीक रुचिकलिका असतात, त्यांतील काही पेशींवर गोड चव ओळखणारे ग्राही असतात. शास्त्रज्ञांना त्यांचा नेमका उलगडा २००१ च्या सुमारास झाला. ग्राही हे जणू कुलूप आणि साखरेचा कण ही त्याची किल्ली. किल्ली बसली की मेंदूला ‘गोड’ असा निरोप जातो. परंतु या कुलपाला दुसऱ्याही किल्ल्या लागतात आणि त्यांतील काही साखरेहून कितीतरी घट्ट बसतात. अॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट. साखर घातलेल्या ३०० मिलिलिटर पेयात साधारणपणे ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. तेवढीच गोडी आणावयास सुक्रालोज अवघे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा विसावा भाग पुरते. चिमटीत धरू म्हटले तरी धड धरता येणार नाही इतके ते थोडे.

या पदार्थांच्या शोधाच्या कथा मोठ्या गमतीच्या आहेत. यातील पहिला पदार्थ सॅकरिन. १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे प्राध्यापक आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर काम करीत असे. एके दिवशी जेवावयास बसला असता त्याला पाव गोड लागला. गोडी पावाची नव्हती. न धुतलेल्या हातांची होती! १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर हा पोटातील व्रणावरील औषधासंबंधी संशोधन करीत होता. कागद उचलण्यासाठी त्याने बोट जिभेला लावले आणि अॅस्पार्टेमची गोडी जगाला कळली. तिसरी कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक काम करीत होते. साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून तयार केलेला एक पदार्थ ‘तपासून पाहा’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले ‘चाखून पाहा’. या दोन अर्थांचे इंग्रजी शब्द उच्चारात इतके जवळचे आहेत की देवनागरीत लिहिल्यास दोन्ही ‘टेस्ट’ असेच दिसतात. फडणीसांनी तो पदार्थ खरोखरच चाखला, आणि सुक्रालोज सापडले. प्रयोगशाळेत काही चाखू नये हा नियम मात्र या तिन्ही कथांनी रद्द होत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नाही.

आता चवीचा विचार करू जावे, तर असे दिसते की, ही गोडी साखरेसारखी असली तरी साखरेची नव्हे. साखरेची गोडी जिभेवर झटकन येते, भरून राहते आणि वेळेवर निघून जाते. सुक्रालोजची गोडी पेय संपल्यावरही रेंगाळते. सॅकरिन तर गोड ग्राहींबरोबर कडू ग्राहींनाही चेतवते. म्हणून त्याच्यामागून एक कडवट, धातूसारखी चव येते. हे दोष झाकण्यासाठी कारखानदार बहुधा दोन-तीन गोड द्रव्यांचे मिश्रण करतात. रसवंतीतील रसाचे असे नाही. त्यात गोडीबरोबर उसाचा हिरवा वास आहे, आल्याची तिखटी आहे, लिंबाचा आंबटपणा आहे. प्रत्येक उसाचा रस थोडा निराळा असतो. बाटलीतील पेयाची चव मात्र प्रत्येक बाटलीत तीच. रोज तीच, तेवढीच तीव्र गोडी चाखणाऱ्या लहान मुलाला पिकलेले पेरू किंवा डाळिंब फिके वाटू लागले, तर त्यात नवल ते काय? डाळिंबासाठी नावाजलेल्या सोलापूर जिल्ह्यात तरी असे होऊ नये.

आरोग्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कोणी या द्रव्यांना सरसकट विष म्हणतो, कोणी त्यांना वरदान ठरवितो. २०२३ च्या जुलै महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अॅस्पार्टेमला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा गटात घातले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. परंतु ‘कदाचित’ या शब्दाचा अर्थ एवढाच की, पुरावा अपुरा आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ही मर्यादा १,२०० मिलिग्रॅम पडते, आणि एका डब्यात अॅस्पार्टेम असते २०० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे चार ते सहा डबे. एखाद्या वेळी घोटभर प्यालेल्या मुलाने घाबरून जाण्याचे कारण नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अॅस्पार्टेम टाळावेच लागते.

मग आक्षेप कोणता? त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने असा सल्ला दिला की, वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून ही द्रव्ये वापरू नयेत. दीर्घकाळात त्यांचा तसा उपयोग दिसत नाही. ती नेहमी घेणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळतात, असेही काही पाहण्यांतून दिसले आहे. येथे सावधपणे विचार केला पाहिजे. ज्यांचे वजन आधीच वाढले आहे, असेच लोक बहुधा साखरविरहित पेयाकडे वळतात. तेव्हा पेयामुळे रोग की रोगाच्या भीतीमुळे पेय, हे सांगणे सोपे नसते. म्हणूनच हा सल्ला संघटनेने सशर्त ठेवला आहे, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू केलेला नाही. परंतु निरोगी मुलाने हे पेय का प्यावे, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. शिवाय दातांचे काय? अशा पेयांत फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल असते, आणि साखर काढली तरी आम्ल जात नाही. त्याने दातांवरील कवच हळूहळू झिजते.

कोणी म्हणेल, सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. तेथे साखरेची बाजू घेणे स्वार्थाचेच ठरेल. शंका योग्य आहे. माळीनगर येथे शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये कारखाना उभारण्यास हात घातला, तेव्हापासून या जिल्ह्याचा संसार बऱ्याच अंशी उसावर चालला आहे. पण म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. शंभर मिलिलिटर रसातही दहा ते पंधरा ग्रॅम साखर असतेच. जिभेवरच्या त्या कुलपाला रस ताजा की शिळा, स्वदेशी की परका, यातले काही कळत नाही, आणि रक्तालाही कळत नाही. रसवंतीचा मोठा पेला रोज रिचविणारा मुलगा शहाणपण करतो, असे कोणी म्हणू नये. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे की, दिवसभराच्या उष्मांकांपैकी अशा साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. रसाचा कैवार घ्यावयाचा तो क्वचित मिळणाऱ्या मेव्याचा म्हणून.

सर्वांत अधिक खटकते ती छपाई. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अनेक बाटल्यांवर ‘मुलांसाठी शिफारस केलेली नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती बहुधा इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. ‘शून्य साखर’ हे शब्द मात्र हातभर अंतरावरून वाचता येतात. ज्याच्यासाठी सूचना आहे, त्यालाच ती वाचता येऊ नये, हा कोठला न्याय? २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत साखर, मीठ व चरबी अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली आहे. परंतु ज्यात साखरच नाही, ते पेय या शब्दांत सहजासहजी सापडत नाही. नियम करणाऱ्यांनी ही फट बुजवावी, आणि मुलांविषयीची ती ओळ महाराष्ट्रात मराठीत, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावयास लावावी. ९५०, ९५१, ९५४, ९५५ हे आकडे घटकांच्या यादीत दिसले की गोड द्रव्य आहे असे समजावे, एवढे तर सहावीच्या मुलालाही शिकविता येईल.

जिभेची सवय बदलते, हेही चहा पिणाऱ्या कोणत्याही घरात पाहावयास मिळते. दोन चमच्यांवरून एका चमच्यावर आलेल्या माणसाला पहिले काही दिवस चहा कडू लागतो. पुढे जुना दोन चमच्यांचा चहा त्याच्याच्याने पिववत नाही. पन्ह्यात गूळ थोडा कमी घालावा आणि वेलदोडा थोडा अधिक, म्हणजे कैरीचा आंबटपणा वर येतो. आणि भर दुपारी सात रस्ता पायी ओलांडून आलेल्या मुलाला घरी माठातील पाण्यानंतर जे ताक मिळते, त्यात मीठ असते, जिरे असते, कधी कढीलिंबाचे एखादे पान असते. त्यात गोड काही नसते, आणि तसे कोणी मागतही नाही.