‘सार्वजनिक प्रयोजन’ कोणाचे?

धंदेवाईक खेळाला सरकारी साहाय्य म्हणजे केवळ रोख पैसा नव्हे. जमीन हेही साहाय्यच होय. लॉस एंजेलिसच्या चावेझ रॅव्हिनचे उदाहरण पाहा. १९५० साली तेथील मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना, ‘येथे सार्वजनिक घरे होतील, त्यांत प्रथम हक्क तुमचा,’ असे सांगून उठविण्यास आरंभ झाला. १९५३ साली ती योजना गुंडाळण्यात आली. जमीन सार्वजनिक प्रयोजनाच्या अटीवर नगराकडे आली आणि नगराने ती डॉजर्स बेसबॉल संघाला, दुसऱ्या मैदानाच्या बदल्यात, देऊ केली. १९५८ साली मतदारांनी निसटत्या बहुमताने त्यास संमती दिली. १९५९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरविला. त्याच मे महिन्यात एका स्त्रीला हातपाय धरून घराबाहेर काढण्यात आले. १९६२ साली क्रीडांगण खुले झाले.

मालकाने ते स्वखर्चाने बांधले, हे खरे. परंतु घरांसाठी रिकामी केलेली भूमी त्याच्या पदरात पडली, हेही तितकेच खरे. बहुमताने करार वैध होतो. अल्पसंख्याकांस दिलेले वचन त्याने फिटत नाही. प्रयोजन रद्द झाल्यास भूमी प्रथम मूळ रहिवाशांस देऊ करावी, असे कलम कायद्यात हवे. ते नसेल, तर ‘सार्वजनिक’ या शब्दात गरिबाची गणना नाही, असेच समजावे.